तिसरा आकडा

"मिसेसना राग येतो का?" डॉक्टरांनी विचारलं. विचारलं ते ह्यांना.

मी समोरच होते, स्टुलावर, हातभर अंतरावर. माझ्या गळ्यावरून त्यांची बोटं नुकतीच फिरली होती. पाण्याचा घोट घ्यायला लावून गाठ खालीवर कशी होते ते पाहून झालं होतं. हात पुढं धरायला सांगून बोटांवर एक कागद ठेवला होता आणि तो कसा थरथरतो ते पाहिलं होतं. हात माझा, गळा माझा. प्रश्न मात्र खुर्चीवर बसलेल्या नवऱ्याला.

हे म्हणाले, "येतो ना. हल्ली फारच."

डॉक्टरांनी मान हलवली आणि कागदावर काहीतरी लिहिलं. मला इंग्रजी येत नव्हतं, पण आपला राग लिहिला जातोय एवढं कळलं. त्या दिवसापासून तो राग माझा राहिला नाही. भाजीत मीठ जास्त पडलं तर ती चूक, पण "पाणी तुम्ही का भरलं नाही?" असं मी विचारलं की तो आजार. हे घरमालकीण मावशींना सांगायचे, मावशी शेजारणींना सांगायच्या. त्या सगळ्या माझ्याकडं अशा बघायच्या, जसं तापलेल्या पोराकडं बघतात.

ऐंशीचं दशक तेव्हा संपत आलं होतं. मी सव्वीस वर्षांची होते.

मी कोकणातली. घरातून समुद्र दिसायचा नाही, ऐकू यायचा. पाचवीनंतर शाळा सुटली, कारण धाकट्या तिघांना सांभाळायला कोणी नव्हतं. ह्यांचं गाव आमच्या पलीकडचं. ह्यांना लांबच्या नात्यातल्या कोणीतरी नागपूरला आणून महाल भागातल्या एका छापखान्यात लावलं होतं. हे खिळे जुळवायचे. शिशाची एकेक उलटी अक्षरं उचलून ओळ बांधायची. मराठी, हिंदी, इंग्रजी, सगळं जुळवायचे. इंग्रजीचा अर्थ कळायचा नाही, पण अक्षर उलटं असो की सुलटं, चुकायचं नाही. लग्न झालं आणि मी इथं आले. पहिल्या उन्हाळ्यात मला वाटलं, ह्या गावात माणसं राहतात कशी?

महालातच मागच्या गल्लीत आमच्या दोन खोल्या होत्या. घरमालकीण उमरेडकडच्या, शेतकऱ्याघरच्या, नवरा गेलेला, मूलबाळ नाही. मी त्यांना मावशी म्हणायची. लग्नाच्या पहिल्याच वर्षी चौथ्या महिन्यात माझं पोट रिकामं झालं. आई दीड दिवसाच्या वाटेवर, मावशी एका भिंतीपलीकडं. त्यांनी मला न्हाऊ घातलं, माझे कपडे धुतले, तेरा दिवस मला चुलीपाशी जाऊ दिलं नाही. "रडू नको वं पोरी. होते. आनखी होईन," म्हणायच्या. हे मी आधीच सांगते, कारण पुढं मी त्यांच्यावर जे ओरडले ते ऐकताना हे ध्यानात असू द्यावं.

मला मूल हवं होतं. बाकी काही नको होतं. गाठ राहिली असती गळ्याला तरी मी पदर ओढून जगले असते.

पण त्यानंतर अंग वाळायला लागलं. भूक राक्षसासारखी, आणि अंगावर मांस म्हणून नाही. पौषाच्या थंडीत मी पांघरूण लाथाडायची. बसल्या जागी छाती अशी धडधडायची, की वाटायचं हे समोरच्यालाही ऐकू येत असेल. रामदासपेठेत कॉलेजच्या मुलींची एक मेस होती, तिथं मी दुपारच्या पोळ्या लाटायची. हात थरथरायला लागले तशा पोळ्यांना कोपरे फुटायला लागले. मुली हसायच्या, "काकू, आज कोणता जिल्हा?" मी पण हसायची. घरी येऊन भिंतीला डोकं टेकवायची.

गाठ पहिल्यांदा दिसली ती मावशींना. वेणी घालताना त्यांनी माझी हनुवटी वर केली.

"माय वं! हे काय होऊन राहिलं तुह्या गळ्याले?"

त्यांच्या मोठ्या बहिणीला अशीच गाठ होती म्हणे. तिला कोणीतरी आयोडीनचे थेंब दिले होते आणि गाठ बसली होती. शाळेच्या भिंतीवरसुद्धा लिहिलेलं असायचं, गळ्याला गाठ येते ती आयोडीन कमी पडल्यानं. म्हणजे शंकेला जागाच नव्हती. मावशी ओळखीच्या एका कंपाउंडरकडं गेल्या आणि तपकिरी बाटली घेऊन आल्या. सकाळी दुधात पाच थेंब. दूध त्याच गरम करायच्या, थेंब त्याच मोजायच्या, मी पिऊन पेला उपडा करेपर्यंत कमरेवर हात ठेवून उभ्या राहायच्या.

आणि खरं सांगते, बरं वाटलं. दोनेक आठवडे छाती शांत झाली. पोळ्या गोल झाल्या. मी मावशींच्या पाया पडले. आईला पत्र लिहिलं, की इथं मला दुसरी आई मिळालीय.

तिसऱ्या आठवड्यापासून सगळं परत आलं, दुपटीनं. तेव्हा मेसच्या बाईंनी रामदासपेठेतल्या त्या डॉक्टरांचं नाव सांगितलं, आणि मग तो स्टूल, तो कागद, तो राग.

रक्त इथं घेतलं, तपासायला मुंबईला गेलं. दहा-बारा दिवसांनी पाकीट आलं, चिकटवलेलं, वर डॉक्टरांचं नाव. पाकीट डॉक्टरांनीच उघडायचं असतं, असं लॅबमधल्या माणसानं बजावलं होतं. मी ते घरी आणलं आणि दुधाच्या पातेल्यावर धरलं. वाफेनं गोंद सुटला. माझं रक्त आणि मीच बघायचं नाही, असं कसं?

तीन ओळी होत्या. टी थ्री, टी फोर, टी एस एच. ह्यांनी अक्षरं घडाघडा वाचली. प्रत्येकापुढं एक आकडा, आणि त्यापुढं कंसात 'इतक्यापासून इतक्यापर्यंत'. ह्यांनी बोट ठेवून जुळवलं, छापखान्यात प्रूफ बघतात तसं.

"पहिल्या दोन्हींत पैकीच्याही वर आहेस," हे म्हणाले. "तिसऱ्यात भोपळा."

"म्हणजे?"

"म्हणजे तिसरं काहीतरी कमी पडतंय तुझ्या अंगात."

मावशी दारातच उभ्या होत्या. "तं मंग तेच तं मी म्हनून राहिली! कमी हाय म्हनूनच गाठ आली. वाढवा ना गा थेंब."

वाढवले. पाचाचे दहा. एक पाचवी पास, एक उलटी अक्षरं जुळवणारा आणि एक अंगठा उठवणारी, अशा आम्ही तिघांनी मिळून तो निकाल लावला. पाकीट परत चिकटवलं आणि डॉक्टरांकडं नेऊन दिलं.

डॉक्टरांनी वाचलं आणि ह्यांना सांगितलं, "थायरॉइड फार जोरात चाललंय. गोळ्या देता येतील, पण लांबण लागेल. मी म्हणतो मुंबईला पाठवू. तिथं किरणं सोडणारं आयोडीन देतात. एकदा प्यायचं, गाठ जळून जाते. मग गोळी घेत राहायचं."

हे म्हणाले, "बरं."

मी विचारलं, "मग मूल?"

डॉक्टर ह्यांनाच म्हणाले, "त्यांना सांगा, आधी तब्येत."

जळून जाते, बरं, आधी तब्येत. तीन वाक्यांत माझं ठरलं. मी घरात काय घेते हे कोणी विचारलं नाही. विचारलं असतं तर मी थेंबांचं सांगितलं असतं का, हे मला आजही माहीत नाही. कारण मला ते औषध वाटतच नव्हतं. ते मावशींचे थेंब होते.

छापखान्यातून आठ दिवसांची रजा मिळायला ह्यांना हातापाया पडावं लागलं. मुंबईच्या त्या हॉस्पिटलात पहिल्या दिवशी एक घोट काहीतरी प्यायला दिलं आणि दुसऱ्या दिवशी यंत्राचं तोंड माझ्या गळ्याशी लावलं. गाठ आयोडीन किती ओढते ते मोजायचं, आणि त्यावरून खरा डोस ठरवायचा, अशी रीत. यंत्राजवळ एक बाई होत्या, पन्नाशीच्या, जाड भिंगांचा चष्मा. त्यांनी यंत्र बघितलं, माझे डोळे बघितले, थरथरणारे हात बघितले, परत यंत्र बघितलं.

"गेल्या दोन-तीन महिन्यांत आयोडीन घेतलंय का? खोकल्याचं औषध? गळ्याला लावायचं काही? थेंब?"

"थेंब," मी म्हटलं. "दुधात. दहा."

माझ्या बोलण्याची लकब त्यांनी ओळखली असावी. त्या एकदम माझ्या गावच्या बोलीत आल्या. "खंयची गो तू?"

मी गाव सांगितलं. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. पाच वर्षांत कोणी मला 'गो' म्हटलं नव्हतं; ह्यांनीही ती बोली केव्हाच सोडली होती.

"कोणी दिल्यान गो तुका ह्या? तुझी गाठ पोट भरून बसली हा. आता आमचो घास ती घेवची नाय. जा, दोन महिने थेंब नाय, काय नाय. मगे ये."

हे दाराशी उभे होते. ह्यांनी रिपोर्टातला तिसरा आकडा कमी होता, म्हणून थेंब वाढवले, असं सांगितलं. बाई हसल्या नाहीत. ह्यांच्याकडं न बघता मलाच म्हणाल्या, "ऐक. पहिले दोन आकडे म्हणजे सून किती राबता ता. तिसरो आकडो सासूचो. मेंदूतसून ती सुनेक हाक मारता, काम कर, काम कर. सून आपसूक मरमर राबूक लागली, तर सासू कित्याक ओरडतली? गप बसता. तुझी सासू गप बसली हा, म्हणून आकडो कमी. तुका कमी काय पडूक नाय. तुका जास्त झाला हा."

एवढंच होतं. पाचवी पास बाईला कळायला दोन मिनिटं लागली. हे इतके आठवडे कोणी सांगितलं नव्हतं, कारण इतके आठवडे कोणी माझ्याशी बोललंच नव्हतं.

परतीच्या गाडीत हे म्हणाले, "चिडलीस?" मी खिडकीबाहेर बघत राहिले. चिडले होते. डॉक्टरांवर, ह्यांच्यावर, कंपाउंडरवर, शाळेच्या भिंतीवर. आणि मावशींवर. हे शेवटचं मला सोसवत नव्हतं.

घरी आलो तेव्हा दुपार होती. मावशी दारापुढच्या छपरीत धोतराच्या तुकड्यावर मूगवड्या घालत बसल्या होत्या. तसाच पिठाचा हात वर करून म्हणाल्या, "आली का वं? झालं का औषध?"

"नाही झालं. तुमच्या थेंबांमुळं नाही झालं. गाठ आधीच आयोडीननं भरलीय म्हणाले. त्यानंच माझं वाढलं."

"माह्या थेंबायनं? मी तं तुह्या भल्यासाठी देऊन राहिली होती वं."

"ठाऊक आहे मला! त्याचाच तर राग येतो. वाईटासाठी दिले असतेत तर भांडायला सोपं गेलं असतं. न विचारता, न सवरता दूध पाजत राहिलात मला. मी काय गोठ्यातलं वासरू आहे?"

हे मधे पडले. "मावशी, मनावर घेऊ नका. ही नाही बोलत, हिचं थायरॉइड बोलतंय."

"थायरॉइडला तोंड असतं तर त्यानं आधी तुम्हाला विचारलं असतं, पाचाचे दहा कोणी केले म्हणून!" मी फळीवरची बाटली घेतली आणि मोरीत उपडी केली. दगडावर तपकिरी डाग पडला. राखेनं घासला, लिंबू लावून घासला, गेला नाही. आम्ही ती खोली सोडली तेव्हाही तो तिथं होता.

दोन दिवस आम्ही एकाच नळावर पाणी भरायचो आणि एकमेकींच्या घागरीकडं बघायचो. तिसऱ्या दिवशी त्या माझ्या दारात येऊन बसल्या, उंबऱ्याच्या बाहेर.

"एक गोष्ट तुले सांगतलीच नाही मी," त्या म्हणाल्या. "माह्या बहिनीची गाठ बसली, हे खरं हाय. पन मंग दोन वर्सानं ते गेली. वाळून वाळून, तुह्यावानीच. आम्ही म्हटलं, नजर लागली. गाठ तं बसली होती नं, मंग कोन कशाले तिकडं पाह्यते?" मग म्हणाल्या, "बोल मले आनखी. त्या दिवशी अर्धंच बोलली."

मी आत गेले. चहा टाकला. राग गेला नव्हता, हे मला स्पष्ट सांगायचंय. त्यांच्या हातात पेला देताना माझा हात थरथरला, तो आजारानं की रागानं, हे मला तरी कुठं सांगता येत होतं? त्याचीच मला सगळ्यात जास्त चीड होती. लोकांनी म्हणून म्हणून माझाच माझ्यावर विश्वास उरला नव्हता. मी रडले की मनात म्हणायची, हे मी की गाठ?

दुसऱ्या दिवशी मेसमधल्या पोळ्या उरकल्या आणि पदराला हात पुसत तशीच डॉक्टरांकडं गेले. चार घरं सोडून तर दवाखाना होता.

"सोबत कोण?" डॉक्टर माझ्या मागं बघत म्हणाले.

"कोणी नाही. गळा माझा मीच घेऊन आलेय."

"बसा. चिडू नका."

"चिडणारच. तुम्हीच कागदावर लिहून ठेवलंय."

ते जरा हसले. माणूस वाईट नव्हता. बायकांशी त्यांच्या नवऱ्यांमार्फत बोलायची सवय लागलेली, एवढंच. मी थेंबांचं सगळं सांगितलं. त्यांनी कपाळाला हात लावला. "मला सांगायचं नाही का?"

"तुम्ही विचारायचं नाही का?"

मग मी माझा प्रश्न टेबलावर ठेवला. "गोळ्या घेतल्या तर मूल कधी? ते आयोडीन प्यायलं तर मूल कधी? दोन्हीचं मला सांगा. ह्यांना नको, मला."

त्यांनी कागद ओढला आणि पहिल्यांदा माझ्याकडं तोंड करून बोलले. गाठीला आवरणाऱ्या गोळ्या दीडेक वर्ष घ्यायच्या. कुणाचं त्यानं कायमचं थांबतं, कुणाचं गोळ्या बंद केल्यावर परत उसळतं. आधी कळत नाही. मधेच दिवस गेले तर अगदी कमी गोळीवर ठेवून, सारखं रक्त तपासत न्यावं लागतं. नेता येतं, पण डोळ्यांत तेल घालून. आयोडीन प्यायलं तर पुढं वर्षभर दिवस जाऊ द्यायचे नाहीत. गाठ हळूहळू मरते, मग अंगाला हार्मोन मिळत नाही, ते गोळीतून द्यायचं. रोज, जन्मभर. दिवस गेले की डोस वाढवायचा. त्या गोळीचा बाळाला त्रास नाही. गोळी चुकवली तर मात्र आहे. ऑपरेशनही असतं, पण छाती अशी धडधडत असताना नको, असं म्हणाले.

"गेल्या वेळचं पोट ह्याच्यामुळंच गेलं का?"

"असू शकतं," ते म्हणाले. "नक्की नाही सांगता येत."

हे ऐकल्यावर मला इतका राग आला, की मी स्टुलाची कड धरून ठेवली. पण खोटं सांगितलं नाही, म्हणून त्यांचे उपकारही वाटले. दोन्ही एकदम होत होतं.

दोन महिने थांबायचंच होतं. तेवढे दिवस त्यांनी आवरणाऱ्या गोळ्या दिल्या, मुंबईला जायच्या आधी बंद करायच्या सांगून. त्या लागू पडल्या. हात थांबले. हे म्हणाले, "मग जाळायचं कशाला? ह्याच घे की." मोह मलाही झाला. पोळ्या लाटताना मी तोच विचार करायची. एका बाजूला जिवंत गाठ, पण केव्हा उसळेल ठाऊक नाही. दुसऱ्या बाजूला मेलेली गाठ आणि जन्माची गोळी. वर्ष वाया इकडंही, तिकडंही. शेवटी मी ठरवलं ते एकाच गोष्टीवर. चौथ्या महिन्यात मी एकदा हात रिकामे घेऊन बसले होते. मला पोटात मूल आणि गळ्यात 'कदाचित' असं दोन्ही एकदम नको होतं. गोळी तरी माझ्या हातात राहील. रोज सकाळी मी ती घेईन, मी. चुकली तर माझी चूक.

"मी पिणार," मी सांगितलं.

"माझ्या आईला तरी कळवू या का?" हे म्हणाले.

"प्यायचं मला आहे."

मुंबईत त्याच बाईंनी यंत्र लावलं. या वेळी गाठीनं अधाशासारखं ओढलं. मग पेला आला. पाण्यासारखं, चव नाही, वास नाही. मला वाटलं होतं, घसा भाजेल. काहीच झालं नाही. एवढ्याशा घोटासाठी मी इतके महिने ओरडत होते! बाईंनी बजावलं, काही दिवस पोरांना मांडीवर घ्यायचं नाही, पोटुशा बाईजवळ बसायचं नाही. मांडीवर घ्यायला माझ्याकडं पोर होतं कुठं?

तीनेक महिन्यांत उलटं झालं. नागपूरच्या ऐन उन्हाळ्यात मला थंडी वाजायला लागली. तोंड सुजलं, आवाज बसला, पोळपाटावर डोळे मिटायचे. मुली म्हणाल्या, "काकू, हल्ली रागवत नाही तुम्ही." खरंच रागवत नव्हते. रागवायलाही अंगात काहीतरी लागतं.

परत रक्त, परत मुंबई, परत पाकीट. ह्या वेळी वाफ दिली नाही, सरळ फाडलं. हे बोट ठेवून वाचायला लागले आणि आनंदानं ओरडले, "अगं, तिसऱ्यात पैकीच्या वर! पास झालीस!"

मी कागद हातातून घेतला. पहिले दोन कमी, तिसरा कंसाच्या कितीतरी वर.

"पास नाही. सासू ओरडतेय," मी म्हटलं.

"आईचं पत्र आलं?" हे घाबरून म्हणाले.

मावशी छपरीत पोट धरून हसायला लागल्या. मी पण हसले, किती दिवसांनी. मग ह्यांना परत समजावलं. सून मेलीय, सासू गळा काढून हाका मारतेय, आता सुनेच्या जागी गोळी कामाला लावायची. डॉक्टरांकडं कागद ठेवला तेव्हा त्यांनी तोंड उघडायच्या आत मीच म्हटलं, "हार्मोनची गोळी लागणार ना आता?" त्यांनी चष्मा काढून माझ्याकडं बघितलं. "लागणार," म्हणाले. माझ्याकडं बघून म्हणाले.

पहाटे उठल्या उठल्या, उपाशीपोटी, वर अर्धा तास चहा नाही. पहारा मावशींचा. मी चहाचं आधण ठेवलं की भिंतीपलीकडून आवाज यायचा, "घेतली का वं गोळी? झाला का अर्धा घंटा?" ज्या बाईनं मला थेंब पाजले तीच आता माझा अर्धा तास मोजत होती. कधी कधी मी मुद्दाम उत्तर द्यायची नाही.

डोस एकदा वाढवला, एकदा जरा कमी केला. वर्ष उलटून गेल्यावर तिन्ही आकडे कंसात आले. डॉक्टर मला म्हणाले, "आता मूल होऊ द्यायला हरकत नाही." मी रामदासपेठेतून महालापर्यंत चालत आले, रिक्षा केली नाही. पाय जमिनीवर होते की नाही, कुणास ठाऊक.

हे छापखान्यातून आले. हात शाईचे, कागद दिव्याशी धरून तिन्ही ओळी वाचल्या, कंस तपासले. मग म्हणाले, "छान झालं. आता आईला पत्र टाकतो. ती काय म्हणते बघू. जन्माची गोळी म्हटल्यावर तिच्या मनात जरा... सहा महिने थांबायला काय जातं?"

मी भडकले. अशी भडकले, की समोरच्या घरातली बाई सज्जात आली. पोट कोणाचं, वर्ष कोणाचं गेलं, गळा कोणाचा जाळला, सगळं मी बोलले. आवाज चढला, हात थरथरले.

ह्यांनी तोंड उघडलं. "हे तुझं थाय—" म्हणाले, आणि हातातल्या कागदाकडं बघून तसेच थांबले.

"काहून गा, थांबला काहून?" मावशी दारातून म्हणाल्या. "सांग ना, कोन बोलून राहिलं आता?"

ह्यांनी कागदाची घडी घातली. पत्र टाकलं नाही.

मुलगी झाली. सगळे नऊ महिने मी दर काही आठवड्यांनी रक्त देत होते, पाकीट फाडत होते, तिसरा आकडा आधी बघत होते. चौथा महिना मी कसा काढला ते मलाच माहीत. कण्हले तरी मावशी उठून बसायच्या. बाळंतपण त्यांनीच केलं, माझी आई पोचायच्या आधी.

मुलगी दीड महिन्याची असताना मावशी सकाळी पदराखाली काहीतरी झाकून आल्या. वाटी होती. बाळाला गुटी.

"आधी दाखवा," मी म्हटलं.

"काय वं, माह्यावर भरोसा नाही तुहा?"

"नाही."

त्यांनी पदर बाजूला केला. वाटी पुढं धरली, उगाळलेल्या एकेका मुळीचं नाव सांगितलं. सहाणसुद्धा आणून दाखवली. मी वास घेतला, बोटानं चाखलं. मग वाटी खाली ठेवली, गुटी पाजली नाही. मुलीला उचललं आणि त्यांच्या मांडीवर दिलं.